हळदीचा डाग, घरची पावडर आणि बोअरचं पाणी

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, तुम्हाला नाही हो, त्या व्हिडिओवाल्यांना. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो ताईंनी काय विचारलंय ते. दिराच्या हळदीत नवऱ्याच्या पांढऱ्या कॉटनच्या कुर्त्यावर छातीपाशी तळहाताएवढा हळदीचा डाग पडला, यांनी घरी आल्याआल्या साबण चोळला तर डाग लालभडक झाला, मग घाबरून व्हिडिओत बघून बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं, फेस मस्त आला पण डाग जिथल्या तिथे. आणि दुसरी गोष्ट अशी की दोन महिन्यांपासून बाजारची पावडर बंद करून साबण किसून त्यात धुण्याचा सोडा आणि मीठ घालून घरीच पावडर करतायत, तर आता पांढरे कपडे राखाडी दिसायला लागलेत आणि टॉवेल कडक होतायत. मशीन फ्रंट लोड, पाणी सोसायटीच्या बोअरचं. कुठे चुकतंय?

माझी नाशकात पंचवटीत लाँड्री आहे, वडिलांनी चालू केलेली, मी २६ वर्षं त्यात आहे. त्यामुळे जे सांगतोय ते हातानं केलेलं आहे, थोडं बिघडवूनही शिकलेलं आहे. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत पण माझ्या मते दोन्हीकडे घोळ एकच आहे. सोडा, व्हिनेगर, लिंबू, मीठ, साबण हे सगळं "नैसर्गिक" म्हणून एका टोपलीत टाकलं जातं आणि मग वाटतं की चार चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की चौपट काम होईल. कपड्यात तसं होत नाही. यातली एकेक वस्तू एकेकच काम करते, आणि काही तर एकमेकीचं काम मोडतात. घरगुती उपाय मी पण वापरतो, दुकानात लिंबूसत्व आणि धुण्याचा सोडा पोत्यानं असतो, पण एक झाल्यावर दुसरं, मध्ये स्वच्छ पाण्यातून खळबळून. एकत्र नाही.

सोडा-व्हिनेगरचंच बघा. सोडा क्षार, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की फसफसतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे काय राहतं तर सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, म्हणजे जवळजवळ नुसतं खारट पाणी. फेस दिसतो म्हणून काम चाललंय असं वाटतं. व्हिडिओत फेस छान दिसतो हे मात्र खरं.

आता तो डाग लाल का झाला ते. घरीच करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. दोन वाट्यांत चिमूटभर हळद पाण्यात कालवा. एका वाटीत धुण्याचा सोडा किंवा साबणाचं पाणी टाका, लगेच लालसर तपकिरी होईल. आता त्यातच लिंबू पिळा, परत पिवळी. हळदीतलं जे रंगद्रव्य आहे, कर्क्युमिन, ते क्षारात लाल आणि आम्लात पिवळं दिसतं. लहानपणी हळदीला चुना लावून लाल करायचा खेळ आपण सगळ्यांनीच केलाय. तर तुमचा डाग "पक्का" झाला नव्हता, नुसता रंग बदलला होता. साबण लावून लाल झालं की बायका घाबरून इकडे फोन करतात, त्यातल्या निम्म्यांना मी सांगतो काही करू नका, धुऊन टाका आणि उन्हात घाला.

हो, ऊन. हळदीवर उन्हासारखा उपाय नाही. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, त्याचा रंगच मोडतो. मी १८-१९ वर्षांचा असताना लग्नसराईत एकदा एकाच घरातून हळदीचे अकरा कुर्ते-सदरे आले होते, मी आपला ब्रश घेऊन एकेक घासायला बसलो, वडिलांनी ब्रश काढून घेतला आणि म्हणाले नुसते तेल काढून ओले गच्चीवर टाक. मे महिना होता. अकराच्या सुमाराला टाकले, दर अर्ध्या-पाऊण तासानं जाऊन डागांवर पाणी मारत होतो, चार वाजता बघितलं तर जिथे हळद पातळ होती तिथे काहीच नव्हतं आणि जिथे जाड थापली होती तिथे फिकट पोपटाच्या पोटासारखं पिवळं. दुसऱ्या दिवशी ते पण गेलं, दोन सदरे सोडून, आणि त्या दोघांचं का राहिलं ते पुढे सांगतो.

तर तुमच्या कुर्त्याचं असं करा. हळदीच्या कार्यक्रमातली हळद बहुतेक वेळा तेलात कालवलेली असते, त्यामुळे आधी तेल काढायचं. भांडी घासायचं लिक्विड दोन थेंब डागावर, बोटानं हलकं चोळा, दहा मिनिटं ठेवा. लाल होईल, होऊ दे. मग भरपूर पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा, साबण अजिबात राहता कामा नये. पिळून ओलाच उन्हात पसरा, डागाची बाजू वर, दोरीवर दुमडून नको, खाटेवर किंवा चटईवर सपाट. वाळला की पाणी शिंपडा. दोन दिवस. यानंतरही काही राहिलं, आणि कुर्ता खरंच पूर्ण पांढरा आणि पूर्ण कॉटन असेल, तरच पुढची पायरी: मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, आपल्याकडे ते साधारण ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा, हातात मोजे घालून डाग भिजेल एवढं लावा आणि वरून चिमूटभर धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून. पंधरा-वीस मिनिटं, वाळू द्यायचं नाही. मग धुऊन टाका. आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही, ड्रायर नाही. तेलाचा अंश राहिला असेल आणि त्यावर गरम इस्त्री फिरली की तो तिथे भाजून बसतो, मग माझ्यासारख्याला पण जड जातं. ते जे दोन सदरे राहिले होते ना, ते त्या घरच्यांनी आमच्याकडे द्यायच्या आधी "बघू जातंय का" म्हणून इस्त्री करून बघितलेले होते.

एक फार महत्त्वाचं, पेरॉक्साइड आणि सोडा मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवू नका. मिसळल्यावर त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, बंद बाटली फुगते आणि फुटू शकते. लागेल तेवढंच, लागेल तेव्हा, उघड्या वाटीत.

आता यात "अवलंबून आहे" असं बरंच आहे. कुर्त्यावर जरीकाम असेल, रंगीत भरतकाम असेल, तर पेरॉक्साइड विसरा, नुसतं तेल काढणं आणि ऊन, ते पण भरतकामावर फडकं झाकून. कुर्ता टेरिकॉटचा असेल तर वेळ जास्त लागेल, कारण पॉलिस्टरच्या धाग्याला तेल आणि तेलात विरघळलेला रंग चिकटून राहतो. आणि सिल्क असेल तर घरी हातच लावू नका. लेबलवर विश्वास नसेल तर शिवणीच्या आतला एक धागा काढा, चिमट्यात धरून काडी लावा. कॉटन कागदासारखं जळतं आणि राख भुरभुरीत होते, सिल्क केस जळाल्याचा वास देतं, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आमच्याकडे "प्युअर सिल्क आहे हां दादा" म्हणून आलेल्या कितीतरी साड्यांचा मणी झालेला मी बघितलाय, पण गिऱ्हाइकाला हे सांगायचं कसं हा वेगळाच विषय.

सिल्कचं एवढं ठासून सांगतोय कारण माझ्या हातून एकदा वाट लागलीय. धंद्यात नवीन होतो. गोदाकाठच्या एका गुरुजींचं पांढरं रेशमी उपरणं आलं, त्यावर चहाचा रुपयाएवढा डाग. वडील बाहेर गेले होते. कॉटनच्या चादरींना आम्ही लिक्विड ब्लीच वापरायचो, मला वाटलं अर्धा चमचा पाण्यात घालून कापसाच्या बोळ्यानं लावलं तर काय होणार. डाग गेला की. मी खूश. दोन-तीन मिनिटांत तिथेच दुसरा डाग उठला, हळदीसारखा पिवळा, आणि कापड हाताला मऊ, ओल्या पापडासारखं लागायला लागलं. पाण्याखाली धरून अंगठ्यानं जरा चोळलं तर धागे सरकून बोट आरपार. रेशीम म्हणजे प्रथिन, लोकर पण तेच, आणि क्लोरीनचं ब्लीच प्रथिन खातं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वडिलांनी गुरुजींना नवीन उपरणं घेऊन दिलं आणि मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त ते फाटकं उपरणं कपाटाच्या आतल्या खिळ्याला लावून ठेवलं, ते बरीच वर्षं तिथेच होतं.

ब्लीचचा विषय निघालाच आहे तर जिवाची गोष्ट सांगून टाकतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही मिसळायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो. बाथरूमचं दार बंद करून खाली बसून कपडे घासणाऱ्या माणसाला तो पहिला लागतो, कारण तो हवेपेक्षा जड असतो, खालीच साठतो. अमोनियावाल्या काच पुसायच्या लिक्विडबरोबर पण नको. ब्लीच वापरलं त्या दिवशी तेवढंच वापरा.

बरं, आता तुमची घरची पावडर. इथे मी जरा सविस्तर लिहितो कारण रोज कुणी ना कुणी हे करायला जातंय आणि सगळ्यांचे टॉवेल कडक होतायत.

आधी हे बघा की तुम्ही किसताय काय. किराणा दुकानात कपड्यांच्या वड्या दोन जातीच्या मिळतात. एक खरा साबण, म्हणजे तेल आणि कॉस्टिकपासून केलेला, पिवळट किंवा तपकिरी बार, जुने लोक ५०१ बार म्हणायचे तसला. दुसरी निळी-हिरवी डिटर्जंटची वडी, तो साबण नाहीच, त्यात डिटर्जंट असतं आणि वडी घट्ट राहावी म्हणून बरीचशी खडूसारखी, मातीसारखी भर असते. ती हातानं घासायला बनवलेली आहे, किसून मशीनमध्ये टाकली की ती भर ड्रममध्ये, दाराच्या रबरी गॅस्केटच्या घडीत आणि काळ्या पँटवर पांढरी बसते. तुम्ही ती किसत असाल तर आजच बंद करा.

खरा साबण किसत असाल तर अडचण वेगळी आहे, आणि ती तुमच्या नळात आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, आपण ज्याला जड पाणी म्हणतो. साबण त्यांच्याशी जुळतो आणि त्याचा न विरघळणारा, दह्याच्या कण्यांसारखा, चिकट मळ तयार होतो. तोच बादलीच्या कडेला राखाडी रेघ होऊन बसतो ना, तोच. तो कपड्याच्या धाग्यांत पण बसतो, आणि त्याला मळ चिकटतो. म्हणून राखाडी, म्हणून कडक, आणि पावसाळ्यात त्याच कपड्यांना कुबट वास पण लवकर येईल बघा. हिशोब सांगतो, पाणी ३०० पीपीएम, म्हणजे लिटरला ३०० मिलिग्रॅम, इतकं जड असेल, आणि बोअरचं तेवढं आरामात असतं, तर १५ लिटरच्या बादलीत पंचवीस-सत्तावीस ग्रॅम साबण नुसता त्या जडपणाशी भांडण्यातच संपतो. कपड्याच्या मळाला तो शिवतही नाही. उरलेल्या साबणानं काय धुवायचं ते धुवायचं.

पाणी जड आहे का हे बघायला मशीन लागत नाही. पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात खऱ्या साबणाचा नखाएवढा तुकडा टाका, झाकण लावून वीस-पंचवीस वेळा जोरात हलवा. वर फेसाचा थर उभा राहिला आणि खालचं पाणी नितळ असेल तर पाणी हलकं. फेस नाही आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं तर जड. हेच पावसाचं पाणी धरून करून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. आमच्याकडे धरणाचं नळाचं पाणी असतं तेव्हा आणि टँकर मागवतो तेव्हा एकाच मापाच्या पावडरीला वेगवेगळा फेस येतो, कामगारांना विचारावं लागत नाही, ड्रम बघूनच कळतं आज पाणी कुठलं आहे.

तुम्ही म्हणाल पण त्यात सोडा आहे की. आहे, आणि तुमच्या मिश्रणातली तीच एक खरी कामाची गोष्ट आहे. धुण्याचा सोडा पाण्यातल्या कॅल्शियमला धरून त्याचा खडू करतो आणि मग साबणाला काम करता येतं. पण क्रम बघा. किसलेला साबण आणि सोडा एकदमच पाण्यात गेले तर दोघांची कॅल्शियमसाठी झटापट होते आणि साबण बराचसा वाया जातो. आधी सोडा पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटं थांबून मग साबण, हे बादलीत जमतं, फ्रंट लोड मशीनमध्ये नाही जमत. शिवाय तो खडू पण कुठेतरी बसणारच, म्हणजे कपड्यावर आणि मशीनच्या हीटरवर. बाजारच्या चांगल्या पावडरीत असा खडू होऊ न देता जडपणा सांभाळणारे घटक असतात, डिटर्जंट स्वतः जड पाण्यात साबणासारखं फाटत नाही, वरून एन्झाइम असतात जे डाळीचे, दुधाचे, घामाचे डाग तोडतात, आणि पांढरं दिसावं म्हणून टिनोपॉलसारखं चमक देणारं काहीतरी असतं. तुमचे कपडे राखाडी दिसतात त्यात थोडा भाग हा पण आहे की ती चमक आता मिळत नाहीये. म्हणजे कपडा मळका नसला तरी मळका दिसतो.

मिठाचं काम शून्य. रंग बांधायला म्हणून पण मीठ घालतात, ते चुकीच्या जागी नेलेलं ज्ञान आहे. कापड रंगवताना रंग धाग्यात जावा म्हणून मीठ वापरतात हे खरं, पण रंगवून झालेल्या कपड्याचा सुटणारा रंग मिठानं थांबत नाही. तुरटीचं पण आजच्या कापडांवर तसंच.

मग करायचं काय? बोअरचं पाणी आणि फ्रंट लोड असेल तर माझं स्पष्ट मत, साबणाची घरगुती पावडर तुमच्यासाठी नाही. कमी केमिकल वापरायचं असेल तर साधी, बिनवासाची मशीनची पावडर घ्या, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा थोडी कमी टाका, आणि सोबत एक-दीड लहान चमचा धुण्याचा सोडा, फक्त कॉटनच्या कपड्यांना. एवढ्यानं पावडर वाचते. पाणी हलकं असतं, तुम्ही बादलीत हातानं धूत असता, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. माझी आत्या कोकणात विहिरीच्या पाण्यावर आयुष्यभर साबण-सोड्यानंच धुते आणि तिची धोतरं माझ्या दुकानापेक्षा पांढरी असतात, मी तिला सांगायला जाणार नाही.

आत्ता जे राखाडी झालंय ते बऱ्यापैकी परत येईल. पांढरे कॉटनचे कपडे आणि टॉवेल मशीनमध्ये ६० डिग्रीला नुसत्या धुण्याच्या सोड्यावर फिरवा, दोन मोठे चमचे, पावडर नाही. ड्रममध्ये डोकावून बघा, काहीच साबण घातलेला नसताना फेस येईल, तो तुमच्या दोन महिन्यांचा साठलेला साबण आहे. एखाद्या वेळेला परत करावं लागेल. मग शेवटच्या विसळणीला बादलीत हातानं लिंबूसत्व, एका लिटरला एक लहान चमचा, दहा मिनिटं बुडवून साध्या पाण्यातून काढा. इथे बघा, सोडा आणि आम्ल दोन्ही वापरलं, पण मध्ये पाणी गेलं. सोड्यानं चिकट मळ सोडवला, आम्लानं राहिलेला खडू विरघळवला. व्हिनेगरनं पण तेच होतं, पण मशीनमध्ये रोज सॉफ्टनर म्हणून व्हिनेगर ओतत बसू नका, रबराच्या गॅस्केटला ते बरं नाही.

सोडा आणताना एक काळजी. सुटा घेताना दुकानदाराला नीट सांगा धुण्याचा सोडा. खायचा सोडा वेगळा, तो फार सौम्य, त्यानं कपड्याचं काही बिघडत नाही आणि फारसं सुधारतही नाही. आणि कॉस्टिक सोडा फारच वेगळा, त्यानं हाताची कातडी जाते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना चुकून कॉस्टिक मिळाला होता, दोन्ही तळवे आठवडाभर पट्टीत. हातमोजे धुण्याच्या सोड्याला पण घाला. आणि सोड्याचं पाणी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात उकळू नका, पातेलं काळं पडतं आणि ते काळं कपड्याला लागतं, स्टील वापरा. गंमत म्हणून सांगतो, खायचा सोडा कढईत तासभर खरपूस तापवला की त्यातलं पाणी आणि वायू निघून जाऊन तो धुण्याचा सोडाच होतो, १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम राहतात. पण महाग वस्तू जाळून स्वस्त वस्तू बनवायचा हा उद्योग आहे, लॉकडाउनमध्ये एकदा करून बघितला होता.

बाकी डागांचं विचारलं नाहीत पण कुर्ता म्हटल्यावर पुढेमागे लागेलच म्हणून भराभर सांगतो. रक्त असेल तर थंड पाणी, गरम पाण्यानं ते शिजून बसतं, अंड्यासारखं. नुसत्या थंड पाण्यात अर्धा तास आणि मग साबण, एवढ्यानं ताजं रक्त जातं. दुधाचा चहा पण आधी थंड पाण्यातच, कारण त्यात दूध आहे, मग कोमट आणि पावडर. बॉलपेनला सॅनिटायझर, पण डागाखाली जुनं फडकं ठेवून आणि ते सारखं सरकवत, नाहीतर शाई पसरते फक्त. तेल नुसतं असेल, हळद नसलेलं, तर आधी टाल्कम पावडर थापून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, मग भांड्याचं लिक्विड. जांभळाला साबण आधी लावू नका, तो निळा होतो आणि तुम्ही हळदीसारख्याच घाबराल. लिंबू लावा, गुलाबी होईल, मग पांढऱ्या कॉटनवर उकळतं पाणी वरून ओता, कापड पातेल्यावर ताणून बांधून.

गंजाबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण पांढऱ्या शाळेच्या शर्टांवर जून ते सप्टेंबर आमच्याकडे हाच डाग सगळ्यात जास्त येतो, तारेवरून, खिळ्यावरून, बादलीच्या कडीवरून. तपकिरी डाग दिसला की लोक ब्लीच टाकतात आणि तिथेच खेळ संपतो, ब्लीचनं गंज जात नाही, अजून घट्ट बसतो. गंजाला आम्लच हवं. लिंबाचा रस आणि मीठ डागावर, उन्हात, वाळत आलं की परत लिंबू, दोन-तीन तासांत जातो. वर मिठाला शून्य म्हटलं, इथे ते मीठ चालतं, रस जागेवर धरून ठेवायला. आम्ही दुकानात ऑक्झॅलिक आम्ल वापरतो पण ते विष आहे, मुलं असलेल्या घरात आणू नका.

आणि काही डाग जात नाहीत. केळीचा चीक, जुना झालेला. सिल्कवरची मेंदी, ती तर हातावर बसते तशीच रेशमावर बसते, प्रथिनाला धरून. घामाचं काखेतलं पिवळं बऱ्याचदा घामाचं नसून डिओडरंटमधल्या अ‍ॅल्युमिनियमचं असतं, त्यावर ब्लीच टाकलं की ते अजून पिवळं होतं, लिंबूसत्वानं थोडं कमी होतं, पूर्ण नाही. असलं काही आलं तर मी गिऱ्हाइकाला घेतानाच सांगतो, बघतो पण शब्द देत नाही.

तुमच्या कुर्त्याचं मला जमेल असं वाटतंय. तुम्ही सोडा-व्हिनेगर टाकलंत त्यानं काही नुकसान झालेलं नाही, नुसतं खारट पाणी लागलं असं समजा. फक्त एक लिहा, साबण लावल्यावर इस्त्री फिरवलीत का, आणि कॉलरच्या लेबलवर नुसतं कॉटन आहे की पुढे ६५-३५ असं काही, म्हणजे पॉलिस्टर-कॉटनची मिसळ, छापलंय. ते कळलं की पेरॉक्साइडचं पक्कं सांगतो. तोवर कुर्ता गच्चीवर टाकून या, आज आमच्याकडे सकाळपासूनच चटका बसतोय, तुमच्याकडे पण असेलच.